सोवळ्यातली वाळू आणि विहिरीचा पहिला तांब्या

डॉ. मोरेश्वर दामले सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहावं, असं संपादक मंडळाने कळवलं तेव्हा आधी आनंद झाला आणि पाठोपाठ धास्ती वाटली. आनंद का झाला ते सांगायला नको. धास्ती अशासाठी, की सर हा लेख वाचणार. नुसता वाचणार नाहीत, हातात पेन्सिल घेऊन वाचणार, आणि जिथे जिथे मी ‘थोर’, ‘व्यासंगी’, ‘ऋषितुल्य’ असं काही लिहीन तिथे समासात ‘पुरावा?’ असं लिहून ठेवणार. म्हणून ते तिन्ही शब्द मी या पहिल्या परिच्छेदातच वापरून संपवले आहेत. यापुढे जे सांगणार आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलेलं किंवा सरांच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

सरांची आणि माझी पहिली भेट मुलाखतीत झाली. अमरावतीहून रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी पुण्यात आले, तेव्हा गावाकडून येणारा प्रत्येक जण काही ना काही संगणकाचं शिकत होता. माझ्या खोलीतल्या मैत्रिणी सकाळी क्लासला जात, संध्याकाळी दुसऱ्या क्लासला जात, आणि मधल्या वेळात मला विचारत, “तू अजून केमिस्ट्रीतच?” अशा वेळी सरांच्या प्रयोगशाळेत संशोधन सहायकाची जागा निघाल्याचं कळलं. मी सगळं पाठ करून गेले. सरांनी मात्र एकच विचारलं, “खिळा जळतो का?”

“नाही सर. गंजतो.”

“नक्की?”

“नक्की.”

सरांनी हातमोजे चढवले. एका घट्ट बंद बाटलीतून चिमूटभर काळी पूड काढून पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर ठेवली आणि मला दोन पावलं मागे उभं राहायला सांगितलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग कुणी काडी न लावता ती पूड कडेकडेने लाल होत गेली आणि बघता बघता निखाऱ्यासारखी फुलली.

“हे लोखंडच आहे,” सर म्हणाले. “तुमच्या खिळ्यातलंच. फक्त इतकं बारीक केलंय, की केसाच्या जाडीत याचे हजारभर कण शेजारी शेजारी बसतील. बारीक झालं की स्वभाव बदलतो. याच्याबरोबर काम करायची भीती वाटेल का?”

“वाटेल,” मी म्हणाले. नोकरी गेली असं वाटून मी पिशवी उचललीही होती.

“मग सोमवारपासून या,” सर म्हणाले. माझ्या आधीचे उमेदवार अजिबात भीती वाटणार नाही असं ठासून सांगून गेले होते, हे मला नंतर कळलं.

सरांना हव्या असलेल्या या भीतीचं मूळ खडकीत आहे. सरांचे वडील तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते आणि सरांचं बालपण कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलं. वडील कामावरून आले की घरात पाऊल टाकण्याआधी बाहेरच्या नळावर हातपाय धूत, कपडे बाहेरच झटकत, आणि मगच मुलांना जवळ घेत. लहानग्या मोरेश्वरांनी एकदा विचारलं, पूड तर कारखान्यात राहिली, मग इथे कशाला झटकता? वडील म्हणाले, “पूड कुठे पाठवली ते साहेबाला माहीत असतं. ती आणखी कुठे गेली ते आपण बघायचं.” सरांनी हे वाक्य आम्हाला फार तर दोनदा सांगितलं असेल. पण ‘आणखी कुठे?’ हा प्रश्न त्यांनी आम्हाला इतक्या वेळा विचारला, की प्रयोगशाळेतल्या चहावाल्या मावशीही कप कमी भरले की “आनखी कुटं गेले?” असं विचारू लागल्या होत्या.

पुण्याबाहेरून आलेल्या माणसाला पुणेरी प्रेम ओळखायला वेळ लागतो. मला कावीळ झाली तेव्हा सर वसतिगृहाच्या दारात स्कूटरवरून आले. मला वाटलं, विचारपूस करतील. त्यांनी डबा पुढे केला आणि म्हणाले, “मऊ भात आहे. तेल नाही, तिखट नाही, चव नाही. तक्रार असल्यास काकूंकडे करावी.” मी बरी होईपर्यंत तो डबा रोज आला. एकाही दिवशी सरांनी ‘कसं वाटतंय’ असं विचारलं नाही. नुसतं डोळ्यांकडे बघायचे आणि “कालच्यापेक्षा कमी पिवळे” असं म्हणून स्कूटरला किक मारायचे. घरापासून इतक्या लांब असताना त्या डब्याने मला जो धीर दिला, त्याचे आभार मी तेव्हा मानले नाहीत. मानले असते तर “तो भात तुम्हाला आवडला? मग ताप मेंदूत गेलाय” असं काहीतरी ऐकावं लागलं असतं. इथे मात्र छापील आहे, त्यामुळे सरांना मधेच बोलता येणार नाही. सर, त्या भाताबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

आता कामाकडे येते. सरांचं सगळं काम या बारीक लोखंडाभोवती फिरलं आहे. कारखान्यात धातूचे सुटे भाग तेलकट असतात. ते धुवायला क्लोरीन असलेलं एक द्रावण वापरत असत. ते पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे सांडलं की जमिनीत खाली खाली उतरतं आणि भूजलात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतं. विहिरीचं पाणी उपसून ते संपत नाही. पण लोखंडाचा कण त्याला भेटला, तर क्लोरीन सुटं होतं, विषाचं विषपण जातं आणि लोखंड आपलं गंजून मोकळं होतं. लोखंड जितकं बारीक, तितका हा उद्योग झपाट्याने होतो. अडचण एवढीच, की बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. म्हणून साडीला खळ देतात तसा सरांनी त्यांच्यावर एक पातळ लेप बसवला. लेप लावलेले कण पाण्यात मिसळले की मोकळेपणी वाहतात. या लेपासाठी सरांनी उमेदीची सगळी वर्षं घातली होती, आणि त्या जोरावर आमच्या छोट्या प्रयोगशाळेचं नाव लांबवर पोचलं होतं.

प्रयोगासाठी आम्हाला वाळू लागे, आणि सरांच्या राज्यात वाळू सोवळ्यात असे. नदीची वाळू चाळायची, आम्लात भिजवायची, शुद्ध पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायची, भट्टीत तापवायची आणि झाकणाच्या बरण्यांत भरून ठेवायची. कुणी उघड्या हाताने बरणीला शिवलं, की सर लांबूनच ओरडत, “अहो, सोवळ्यात आहे ती!” काचेच्या उभ्या नळीत ती वाळू भरून वरून लोखंडाचं पाणी सोडायचं आणि कण किती लांब जातात, काय करतात ते पाहायचं, ही आमची पूजा होती. जगात बहुतेक ठिकाणी असंच करतात. सर पुण्याचे असल्यामुळे इतरांपेक्षा चार वेळा जास्त धुवत, इतकाच फरक.

दुसरी पूजा शनिवारची. ज्याच्या हाती आठवड्यात चांगला निष्कर्ष लागला असेल, त्याने शनिवारी दुपारी टेबलाच्या पलीकडे उभं राहून स्वतःच्याच निष्कर्षाविरुद्ध फिर्याद मांडायची. बाकीच्यांनी त्याची बाजू घ्यायची. आपल्याच लेकराला नावं ठेवायची आणि दुसऱ्यांनी त्याचं कौतुक करायचं, असा तो उलटा कारभार होता. नवीन मुलं रडकुंडीला येत. सर चिवडा खात ऐकत आणि शेवटी म्हणत, “फिर्याद कच्ची आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा.”

खराडीचं प्रकरण आमच्याकडे आलं ते याच सुमारास. तिथला सुट्या भागांचा एक कारखाना बंद पडला होता आणि जागेवर आयटी पार्क उभा राहायचा होता. खोदाईत द्रावणाचा वास सुटला, तेव्हा कळलं की मागच्या शेडपाठी वापरलेलं द्रावण वर्षानुवर्षं खड्ड्यात ओतलं जात होतं. उताराच्या बाजूला सोपानराव ढवळे यांची विहीर होती. दगडी बांधणीची, मे महिन्यातही न आटणारी. ढवळ्यांची शेती बहुतेक गेली होती. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांत कंपन्यांत काम करणारी पोरं राहत होती, त्यातली बरीचशी आमच्या विदर्भातली. विहिरीला वास यायला लागल्यापासून सगळ्यांना टँकरचं पाणी होतं.

सरांबरोबर मी पहिल्यांदा त्या घरी गेले तो प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. सोपानरावांच्या पत्नी हिराबाई ताटलीत गुळाचे खडे आणि दुकानातल्या सीलबंद बाटल्या घेऊन बाहेर आल्या. त्यांना वर बघवत नव्हतं.

“इहीर काठोकाठ भरल्याली हाय,” त्या म्हणाल्या, “आन् पावण्याला इकतची बाटली द्यायची येळ आली. माजी सासू असती तर तिनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.”

सरांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. बाटली मात्र तशीच ठेवली. “गूळ घेतला वहिनी. पाणी तुमच्या विहिरीचंच घेईन. आज नाही, ते पिण्याजोगं झाल्यावर.”

सोपानराव उठून उभे राहिले. “मंग पयला तांब्या तुमचा सर. शब्द हाय. पर जे काय टाकायचं ते लवकर टाका.”

आम्ही विहिरीचं पाणी आणलं, काचेच्या मोठ्या टाकीत सोवळ्यातल्या वाळूतून फिरवलं आणि त्यात आमचं लोखंड सोडलं. आठवडा पुरा व्हायच्या आत वास नाहीसा झाला. सोपानराव स्वतः प्रयोगशाळेत आले, बाटली नाकाला लावली आणि “न्हाय वास! न्हाय!” म्हणत त्यांनी आमच्या शिपायाला मिठी मारली. आयटी पार्कच्या कंपनीने नेमलेले प्रकल्पप्रमुख निखिल तरुण होते, हुशार होते आणि घाईत होते. “सर, धिस इज अमेझिंग,” ते म्हणाले. “मॉन्सूनच्या आधी बोअर घेऊन इंजेक्ट करून टाकू. दुसऱ्या मेथडने वर्षं जातील, याने काही महिन्यांत साइट क्लीन.” संस्थेच्या संचालकांनी पेढे वाटले. सोमवारी करारावर सह्या व्हायच्या होत्या. सरांच्या लोखंडाला प्रयोगशाळेबाहेरची जमीन पहिल्यांदाच मिळणार होती.

त्याच आठवड्यात काकूंनी आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. सरांच्या पत्नी सुनंदाकाकू शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि सरांना टोकू शकेल अशी पुण्यातली ती एकच व्यक्ती होती. त्यांच्या गच्चीत भाजीची एक लांबट लाकडी पेटी होती. निम्म्या पेटीत बागेतली माती होती. माती कमी पडली म्हणून उरलेल्या निम्म्या भागात सरांनी प्रयोगशाळेतली जास्तीची वाळू आणून टाकली होती. मातीकडे मेथी तरारली होती, वाळूकडे एक काडीही नव्हती. काकूंनी खुरप्याने दोन्हीकडे उकरून दाखवलं. मातीत गांडुळं वळवळत होती. वाळूत काहीच नव्हतं.

“बघा तुमच्या सरांची वाळू,” काकू म्हणाल्या. “धुऊन धुऊन इतकी सोवळी केलीय, की गांडुळाचीसुद्धा तिच्यात पाय ठेवायची छाती होत नाही.”

“गांडुळाला पाय नसतात,” सर म्हणाले.

“म्हणूनच वाचली बिचारी.”

आम्ही सगळे हसलो. सरही हसले. मग जेवताना आमटीचा भुरका अर्ध्यावर ठेवून त्यांनी विचारलं, “आपल्या अहवालात जमिनीतल्या जीवजंतूंबद्दल काय लिहिलंय?”

“काही अपाय आढळला नाही, असं,” मी म्हणाले.

काकू भात वाढत होत्या. “अपाय व्हायला त्यात होतं कोण?” त्या म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या. सरांनी त्यानंतर ताकही मागितलं नाही.

शनिवारी टेबलाच्या पलीकडे सर स्वतः उभे राहिले. चिवडा आमच्यासमोर होता, पण कुणी हात लावला नाही. लोखंडाची बाजू मांडायला त्यांनी मला उभं केलं.

“कण किती लांब गेले?”

“हातभर, सर. पुढे गंजून बसले.”

“कशातून गेले?”

“वाळूतून.”

“खराडीत वाळू आहे?”

खराडीला वर काळी माती आहे, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला कातळ. तिथे पाणी झिरपत नाही, भेगांतून पळतं.

“कणांवर लेप कोणी लावला? आपणच. कशासाठी? त्यांनी दूर जावं म्हणून. भेगेत सापडले तर आणखी कुठे जातील?”

“विहिरीत, सर.”

“जाताना एकटे जातील, की पाण्यातलं आणखी काही अंगाला चिकटवून घेऊन जातील?”

“पाहिलेलं नाही.”

“लोखंड गंजताना पाण्यातला प्राणवायू खातं. मातीतल्या जीवाणूंच्या अंगाला चिकटतं. त्याने ते मरतात का?”

“आपल्या प्रयोगात काही मेलं नाही, सर.”

“मढ्याला ताप आला नाही म्हणून औषध निर्धोक ठरत नाही,” सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. “वाळू धुवायचा नियम या प्रयोगशाळेत कोणी घातला?”

सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. मग म्हणाले, “फिर्याद पक्की आहे. सोमवारी सही होणार नाही.”

पुढचे काही महिने आम्ही ओवळ्यात काम केलं. ढवळ्यांच्या शेतातली माती पोत्यांनी आणली, ढेकळांसकट, मुळांसकट. खोदाईत निघालेल्या भेगाळ कातळाच्या शिळा आणल्या. ज्या टेबलावर बरणीला शिवण्याची बंदी होती, तिथे गांडुळं फिरत होती. जे दिसलं ते आनंदाचं नव्हतं. वाळूत हातभर जाणारे कण कातळाच्या भेगेतून सरळ पलीकडे निघत होते. लोखंड जास्त पडलं तिथे पाण्यातला प्राणवायू संपे, मातीतले जीवाणू कमी होत आणि गांडुळं कोपऱ्यात जाऊन सुस्त पडत. लोखंड कमी पडलं तिथे द्रावणाचं विघटन अर्ध्यावर थांबे आणि मूळ द्रावणापेक्षाही घातक असं काही पाण्यात उरे. काही कुंड्यांत जीवाणू महिन्याभराने पुन्हा सावरले. सरांनी तेही तितक्याच ठळकपणे नोंदवायला लावलं. लोखंडाला फाशी द्यायची नव्हती, त्याचा खटला नीट चालवायचा होता.

करार नाकारायच्या बैठकीला मी सरांच्या शेजारी बसले होते. निखिल चिडले होते, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही चिडले असते. “पण सर, बाहेर कितीतरी साइट्सवर करतायत. आपण इंजेक्ट करू आणि कंटिन्युअसली मॉनिटर करू ना.”

“अहो, वाऱ्यावर पीठ उडवल्यावर मॉनिटर काय करणार?” सर म्हणाले. “फार तर कुणाकुणाच्या अंगावर पडलं ते समजेल. गोळा कसं करणार?”

संचालकांनी वेगळ्या बाजूने समजावलं. “दामले, हे तुमचं आयुष्यभराचं काम आहे. आता नाही म्हणालात तर पुन्हा कोणी विचारणार नाही.”

“माझं काम आहे म्हणूनच पहिली हरकत माझी हवी,” सर म्हणाले. टेबलाखाली त्यांचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंफलेले मला दिसत होते. ते लोखंड माझ्याही वाट्याला आलं होतं, पण माझी दोन-तीन वर्षं होती. त्यांची उमेद होती. ती त्यांनी त्या दुपारी स्वतःच्या हाताने बाजूला ठेवली, आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, “चहा घेणार का?”

त्याहून अवघड काम खराडीला होतं. सोपानरावांना पत्र पाठवता आलं असतं. सर स्वतः गेले.

“माज्या या नाकानं वास गेल्याला बगितलाय सर,” सोपानराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. “औशद तुमच्या हातात हाय, आन् तुमी देत न्हाय. आजून किती पावसाळे बाटल्याच पाजायच्या आमी?”

“किती ते मला माहीत नाही,” सर म्हणाले. “आज विहिरीत काय आहे ते मला सांगता येतं. मी ते लोखंड सोडलं, तर उद्या काय असेल ते सांगता येणार नाही. आणि सोडलेलं परत बोलावता येत नाही.”

“म्हंजी इतके दिस आमाला आशेवर ठिवलं.”

“हो. ती चूक माझी आहे.”

सोपानराव पाठ फिरवून विहिरीकडे बघत राहिले. हिराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “सर, तुमच्या घरची इहीर असती तर टाकलं असतं का?”

“नाही.”

“मंग इषय संपला,” हिराबाई म्हणाल्या, आणि गुळाची ताटली आणायला आत गेल्या.

सर नुसतेच हात हलवत गेले नव्हते. त्यांनी विहिरीच्या वरच्या बाजूला, मुरमातून कातळाच्या डोक्यापर्यंत खोल चर खणायला सुचवलं. हडपसरच्या वर्कशॉपांतून लेथवर निघणारा लोखंडाचा जाड चुरा आणला, गरम सोड्याच्या पाण्यात त्याचं तेल काढलं, वाळूत मिसळला आणि चरात भरला. वाळू यावेळी कुणी धुतली नाही. उतारावरून येणारं पाणी त्या लोखंडातून हळूहळू गाळलं जाऊन पुढे जाणार होतं. जाड लोखंड आळशी असतं, त्याचं काम सावकाश चालतं. पण ते जिथे ठेवलं तिथेच राहतं, आणि चूक झाली तर फावडं घेऊन उकरून काढता येतं. निखिल यांनी कंपनीला हे पटवायला बरीच खटपट केली, हे मी कृतज्ञतेने नोंदवते. चराच्या डोक्यावर बांधकाम करायचं नाही असं ठरलं, म्हणून आज तिथे हिरवळीचा एक लांब पट्टा आहे. दुपारी आयटी पार्कमधली मुलं त्यावर बसून डबे खातात. आपल्या खाली काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो.

लेप लावलेल्या कणांवर सरांनी पुढेही काम केलं, पण त्यांच्या चांगुलपणापेक्षा त्यांच्या खोड्यांवर जास्त. सरांना लोखंडाचं वैर नाही. एखाद्या बंदिस्त जागी, जमीन नीट ओळखून, ते उपयोगी पडेल असं ते आजही सांगतात. नाव व्हायचं ते मात्र इतरांचं झालं. याची खंत मला आहे. सरांना आहे का, ते मी विचारलेलं नाही. मी आता प्रदूषित जमिनींच्या कामावर गावोगाव फिरते. नवं औषध घेऊन कुणी दारात आलं, की माझ्या तोंडून आपोआप ‘आणखी कुठे?’ निघतं, आणि माझ्या हाताखालची मुलं एकमेकांकडे बघून हसतात. शनिवारी आमच्याकडेही चिवडा असतो. मी कुणाच्या हाताखाली तयार झाले, हे त्या चिवड्याच्या ताटलीपुढे मला दर वेळी नव्याने कळतं, आणि आपलं नशीब किती चांगलं होतं या विचाराने ऊर भरून येतो.

राहता राहिली विहीर. निवृत्त झाल्यानंतरही सर दर ऋतूला माझ्याबरोबर खराडीला येतात आणि पाण्याचा नमुना स्वतःच्या हाताने भरतात. वास केव्हाच गेला. विषाचं प्रमाण वर्षागणिक उतरत आहे, उन्हाळ्यात तर अहवाल जवळजवळ पिण्याजोगा येतो. पण पावसाळ्यात कातळातून पुन्हा थोडं काही येतं, आणि सरांचा हट्ट आहे की सगळे ऋतू सलग शुद्ध आले तरच विहीर पास. मागच्या खेपेला सोपानराव काठी टेकत विहिरीपाशी आले. म्हणाले, “सर, आता एवढ्यातेवढ्यानं काय हुतंय? घ्या की घोटभर.” सर म्हणाले, “अहो, मीच प्यायलो तर तुमच्या भाडेकरूंना कुठल्या तोंडाने थांबा म्हणू?” मग नेहमीप्रमाणे गुळाचा खडा आला आणि सरांनी तो खाल्ला. डॉक्टरांनी सरांना गोड बंद केलं आहे ही बातमी खराडीपर्यंत पोचलेली नाही, आणि ती पोचू नये अशी सरांनी मला तंबी दिली आहे. काकू हा लेख वाचतीलच. त्यांनी मला क्षमा करावी.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. सर, किती वर्षांचं चिंतू, याचा मी बराच विचार केला. शंभर म्हटलं तर आपण समासात ‘आधार?’ असं लिहाल. म्हणून मी आधार असलेलंच मागते. त्या विहिरीच्या पहिल्या तांब्यापर्यंतची वाट आपण स्वतःच्या हाताने लांबवली आहे. ती चालायला आपल्याला पुरेसं बळ मिळो, गुडघे साथ देवोत, आणि त्या विहिरीचे सगळे ऋतू एकदाचे सलग शुद्ध येवोत. हिराबाईंनी सासूचा पितळी तांब्या माळ्यावरून काढून फळीवर ठेवला आहे. आम्ही गेलो की त्या आधी तो चिंचेने घासतात, मग विचारतात, “आज?” आपण मान हलवता, आणि त्या तो पुन्हा पालथा घालून ठेवतात.

सर, गूळ आपण पोटभर खाल्लात. आता तब्येतीला जपा. त्या घरचं पाणी अजून आपलं प्यायचं राहिलं आहे.